पडत असते, पडू शकते, पडेल
इंग्रजी लेखनातील प्रवृत्ती आणि शक्यता यांचा हिशेब

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्यातल्या ३५४ व्या कलमाशी गिरगावातल्या जुन्या घरात राहणाऱ्या माणसाची कधी ना कधी ओळख होतेच. एखादे बांधकाम मोडकळीस आले असेल, पडण्याजोगे झाले असेल किंवा आत राहणाऱ्यांना आणि जवळून जाणाऱ्यांना धोक्याचे असेल, तर ते पाडावे, सावरावे किंवा दुरुस्त करावे अशी नोटीस या कलमाखाली आयुक्तांना काढता येते. 'पडण्याजोगे' हा शब्द मी सोयीसाठी वापरला. मूळ इंग्रजीत त्या जागी 'लाइकली टू फॉल' असे तीन शब्द आहेत. सव्वाशेहून अधिक वर्षे या शहरातली कितीतरी घरे या तीन शब्दांवर तोलली गेली आहेत.

खोताच्या वाडीत हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. लाकडी खांब, पुढे पडवी, बाहेरून चढणारा जिना आणि उतरती कौले अशी इथली घरे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी ती बांधली. एकेकाळी अशी पासष्टच्या आसपास घरे होती असे सांगतात. आता तीसदेखील उरलेली नाहीत. परिसर वारसा यादीत आहे, पण लाकडाला आणि वाळवीला ती यादी वाचता येत नाही. अशा घराविषयी कोणी 'लाइकली टू फॉल' असे लिहिले, तर त्याने नेमके काय म्हटले? घर पडू शकते? बहुतेक पडेल? की अशी घरे पडत असतात?

मराठी माणसाला ही तीन वाक्ये वेगळी आहेत हे शिकवावे लागत नाही. अडचण येते ती त्यांचे इंग्रजी करताना. मी भाषाशास्त्राचा पदवीधर नव्हे. शेजारीपाजारी इंग्रजी पत्रे आणि अर्ज नजरेखालून घालायला आणतात, त्यातून हा विषय हाती आला आणि मग जुनी व्याकरणे, कायद्याची पुस्तके आणि हवामानाची पत्रके चाळत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते इथे मांडतो.

प्रवृत्ती निराळी, शक्यता निराळी

पहिली गोष्ट व्याकरणाची नाही, विचाराची आहे. 'जुन्या लाकडी घरांना वाळवी लागत असते' हे एका वर्गाविषयीचे विधान झाले. अनेक घरे पाहून, अनेक वर्षांच्या अनुभवातून ते केलेले असते. 'या घराच्या तुळया येत्या पावसाळ्यात मोडतील' हे एका घराविषयीचे, पुढे घडायच्या एका घटनेविषयीचे विधान. पहिल्याला प्रवृत्ती म्हणावे, दुसऱ्याला शक्यता. पहिल्याचा पुरावा अनुभवाच्या साठ्यात असतो. दुसऱ्याचा पुरावा त्या तुळईत हातोडी मारून पाहावा लागतो. पहिले खरे असले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही, आणि पहिले सौम्य शब्दांत सांगितले म्हणून दुसरे टळतही नाही.

इंग्रजीत या दोहोंसाठी वेगवेगळी हत्यारे आहेत. प्रवृत्तीसाठी 'टेंड टू', 'युज्वली', 'ऑफन', 'प्रोन टू'. शक्यतेसाठी 'मे', 'माइट', 'लाइकली टू', 'प्रोबॅब्ली'. 'ओल्ड टिंबर हाउसेस टेंड टू डेव्हलप रॉट' हे वाक्य बरोबर आहे. पण 'धिस हाउस टेंड्स टू फॉल' असे लिहिले तर ते घर अधूनमधून पडते आणि पुन्हा उभे राहते असा अर्थ होईल. जे एकदाच घडायचे, त्याला 'टेंड टू' चालत नाही.

'आहे' आणि 'असतो'

मराठीची एक श्रीमंती आपल्या लक्षातच येत नाही. 'भिंती ओल्या आहेत' आणि 'भिंती ओल्या असतात' ही दोन वाक्ये आपण सहज वेगळी ठेवतो. पहिले आजचे, दुसरे नेहमीचे. इंग्रजीत दोन्हीकडे 'आर' हे एकच क्रियापद येते. त्यामुळे 'द वॉल्स आर डॅम्प' एवढेच लिहिले तर आज ओल आहे की दर पावसाळ्यात येते, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'असतात'चे काम इंग्रजीत वेगळ्या शब्दाने करून घ्यावे लागते: 'युज्वली', 'एव्हरी मान्सून', 'टेंड टू बी'.

आपण मात्र 'असतो' क्रियापदातच बसवायला जातो. 'तो रोज येत असतो' याचे 'ही इज कमिंग डेली' होते. मराठीच्या हिशेबाने ते अगदी प्रामाणिक भाषांतर आहे, पण इंग्रजीत ते रूप सध्या चालू असलेल्या क्रियेचे. नेहमीच्या क्रियेला तिथे साधा वर्तमानकाळच लागतो: 'ही कम्स एव्हरी डे'.

भूतकाळातल्या सवयीसाठी आपल्याकडे रीतिभूतकाळ आहे. 'आजी रोज ठाकुरद्वारला जाई', बोलताना 'जायची'. त्याला इंग्रजीत दोन रूपे आहेत, 'वुड' आणि 'यूज्ड टू', आणि त्यांच्यात एक फरक आहे. पुन्हा पुन्हा घडणाऱ्या क्रियेला दोन्ही चालतात. टिकून राहिलेल्या स्थितीला फक्त 'यूज्ड टू' चालते. खोताच्या वाडीत माशाच्या जेवणासाठी प्रसिद्ध असलेले अनंताश्रम होते, ते आता बंद झाले. त्याविषयी लिहिताना 'पीपल वुड वेट फॉर अ टेबल' चालेल, कारण थांबणे ही रोज घडणारी क्रिया. पण 'देअर वुड बी अ रेस्टॉरंट हिअर' असे लिहिले तर ते भूतकाळाचे राहतच नाही. इथे खानावळ होणार होती किंवा झाली असती, असा त्याचा अर्थ लागतो. तिथे 'देअर यूज्ड टू बी' हवे. शिवाय 'यूज्ड टू'ला वर्तमानकाळ नाही. आजही रोज येणाऱ्या माणसाविषयी 'ही यूज्ड टू कम डेली' लिहिले, तर वाचणारा समजेल की त्याने येणे सोडले.

माणसाच्या प्रवृत्तीसाठी मराठीत प्रत्ययच आहेत. विसराळू, लाजाळू, भांडखोर, चिडका, बोलका. एका शब्दात स्वभाव येतो. इंग्रजीत काही ठिकाणी तसा शब्द मिळतो, काही ठिकाणी 'टेंड्स टू फरगेट' असे सांगावे लागते. 'प्रोन टू' आणि 'लायबल टू' यांचा कल वाईट गोष्टींकडे असतो. पूर येणारा भाग 'प्रोन टू फ्लडिंग' असतो, पण कोणी यशाला 'प्रोन' नसतो. 'लायबल' शब्दावर तर कायदेशीर जबाबदारीचीही छाया असते, म्हणून कचेरीच्या पत्रात तो जपून वापरावा.

एक 'असेल', अर्थ तीन

शक्यतेच्या बाबतीत मराठी आणि इंग्रजी यांची बैठकच निराळी आहे. 'तो घरी असेल' हे वाक्य घ्या. दिवा लागलेला पाहून म्हटले, तर तो अनुमानाचा निष्कर्ष: इंग्रजीत 'मस्ट बी'. रविवार आहे म्हणून म्हटले, तर 'इज प्रोबॅब्ली'. काही कल्पनाच नसताना खांदे उडवत म्हटले, तर 'मे बी' किंवा 'माइट बी'. मराठीत क्रियापद तेच राहते. फरक करतो तो आवाज, नाहीतर 'च' आणि 'ही' ही दोन इवली अव्यये. 'असेलच' म्हटले की खात्री, 'असेलही' म्हटले की नुसती मोकळीक. लिहिलेल्या इंग्रजीत आवाज ऐकू येत नाही आणि 'च' लावता येत नाही. तिथे सगळा भार एका सहायक क्रियापदावर पडतो. म्हणूनच दिवा लागलेला दिसत असताना आपल्यापैकी कोणी 'ही माइट बी ॲट होम' लिहितो, तेव्हा मनातली खात्री कागदावर शंका होऊन उतरते.

'बहुतेक' हा शब्दही असाच. 'बहुतेक भाडेकरू गेले' यात तो संख्या सांगतो, 'भाडेकरू बहुतेक गेले' यात शक्यता. शब्द एक, फक्त जागा बदलली. इंग्रजीत पहिल्याला 'मोस्ट', दुसऱ्याला 'प्रोबॅब्ली'. पहिल्यात काही कुटुंबे अजून आत आहेत हे नक्की कळते. दुसऱ्यात कोणीच नसेल किंवा सगळेच असतील. रिकामी करायच्या इमारतीबद्दल लिहिताना हा फरक केवढा आहे, हे सांगायला नको.

'शक्यता' या शब्दाची गोष्ट तर सर्वांत मोठी. दहावीच्या गणितात आपण 'संभाव्यता' शिकतो, पण व्यवहारात सगळीकडे 'शक्यता' हाच शब्द चालतो. तिच्या आधी आपण विशेषण लावतो: पुसट शक्यता, थोडी शक्यता, बरीच शक्यता, दाट शक्यता. पायऱ्या आपल्याकडेही आहेत. मात्र घाईत विशेषण गळते आणि 'पडण्याची शक्यता आहे' एवढेच उरते. त्याचे इंग्रजी 'पॉसिबल' करायचे की 'प्रोबेबल', हे मग लिहिणाऱ्याच्या लहरीवर जाते. इंग्रजीत या दोन शब्दांत फार अंतर आहे. जे घडणे अशक्य नाही, ते सगळे 'पॉसिबल'. जे न घडण्यापेक्षा घडण्याकडे झुकते, ते 'प्रोबेबल'. 'लाइकली' हा शब्द सामान्य इंग्रजीत या दुसऱ्याच्या शेजारी बसतो.

एका पायरीवर एक जीव

या पायऱ्यांवर केवढे ओझे पडू शकते, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७६ सालच्या गोविंदा खटल्यात दिसते. अठरा वर्षांच्या गोविंदाने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला लाथाबुक्क्यांनी मारले. ती खाली पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा ठेवून तोंडावर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मुलगी मेली. सत्र न्यायालयाने खून ठरवून फाशी सुनावली. उच्च न्यायालयात न्यायाधीशांचे एकमत झाले नाही आणि प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्यापुढे गेले.

त्यांनी भारतीय दंडसंहितेची २९९ आणि ३०० ही कलमे समोरासमोर मांडली आणि ज्या शब्दांत फरक होता, ते शब्द अधोरेखित केले. सदोष मनुष्यवधाच्या व्याख्येत मृत्यू घडणे 'लाइकली' असावे लागते. खुनाच्या व्याख्येत एके ठिकाणी दुखापत निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी असावी लागते, तर दुसऱ्या ठिकाणी कृत्य इतके धोक्याचे असावे लागते की सर्व संभाव्यतेनुसार मृत्यू यावाच. मेलव्हिल यांच्या विवेचनाचा आशय असा की प्रश्न धोक्याच्या मात्रेचा आहे: मृत्यू हा संभवनीय परिणाम असेल तर सदोष मनुष्यवध, सर्वांत संभवनीय परिणाम असेल तर खून. त्यांनी हा खून मानला नाही आणि गोविंदाची फाशी टळली.

त्या मुलीच्या बाजूने हा निकाल वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होते. पण शब्दांची पायरी किती बारकाईने मोजता येते, याचा हा आपल्याच न्यायालयातला दाखला आहे. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्नय्या खटल्यात याच कलमांतल्या 'लाइकली'चा अर्थ उलगडला: नुसते शक्य नव्हे, तर संभवनीय. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे क्रमांक १०० आणि १०१ झाले, पण ही पायरी तशीच राहिली. एका कायद्यातला अर्थ दुसऱ्या कायद्याला जसाच्या तसा लागतो असे नाही. तरीही 'लाइकली' म्हणजे 'काहीही होऊ शकते' नव्हे, एवढे यातून घेता येते.

शब्दांना आकडे

शब्द मोघम वाटतात म्हणून त्यांना आकडे लावण्याचे प्रयत्नही झाले. १९५१ साली अमेरिकी गुप्तवार्ता विभागाच्या एका अहवालात युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे असे लिहिले होते. याचा अर्थ आकड्यात काय, असे विचारल्यावर अहवालाशी संबंधित शर्मन केंट यांनी शंभरात ६५ असा अंदाज सांगितला. मग त्यांनी सहकाऱ्यांना विचारले, तर उत्तरे वीसपासून ऐंशीपर्यंत विखुरली होती. सर्वांनी मिळून एकच वाक्य मान्य केले होते आणि प्रत्येकाच्या मनातला अर्थ निराळा होता. १९६४ साली केंट यांनी या विषयावर निबंध लिहिला, तो आजही वाचला जातो.

आपल्या जवळचे उदाहरण पावसाचे. भारतीय हवामान विभागाच्या पत्रकांत 'लाइकली' म्हणजे शंभरात २५ ते ५०, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' म्हणजे ७५ च्या वर. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या अहवालांत मात्र 'लाइकली' म्हणजे किमान ६६ आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९०. दोन्ही संस्था आकाशाविषयीच बोलतात, शब्दही तोच, पण एकीचा 'लाइकली' निम्म्याच्या खाली आणि दुसरीचा दोन तृतीयांशाच्या वर. मराठी बातमीत दोन्हींचे 'शक्यता आहे' होते.

त्याच पत्रकांत आणखी एक मोजमाप असते, ते जागेचे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. हा आकडा पावसाच्या संभाव्यतेचा नाही, पसाऱ्याचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला साधारण ७३. मुंबईकराला पसारा आणि जोर यांतला फरक त्या दिवशी अंगावर कळला. इंग्रजीत लिहितानाही 'काही ठिकाणी नक्की' आणि 'सगळीकडे कदाचित' यांची गल्लत होऊ देऊ नये.

पत्रात पाय घसरतो तो इथे

आता रोजच्या पत्रव्यवहाराकडे येऊ. आपल्याकडच्या कचेरी इंग्रजीत 'वुड' फार सैल सुटलेले आहे. 'होईल' जरा अदबीने म्हणायचे म्हणून 'द रिपेअर्स वुड बी कंप्लीटेड बिफोर द मान्सून' असे लिहितात. इंग्रजी वाचणारा लगेच पुढची अट शोधतो: पूर्ण झाली असती, पण केव्हा, कशावर? दिलेला शब्द अशाने जर-तरमध्ये जाऊन पडतो. वचन द्यायचे तर 'विल' लिहावे.

'मे'चे दुखणे दुहेरी आहे. 'द टेनंट्स मे रिटर्न' म्हणजे भाडेकरूंना परत येण्याची मुभा आहे, की ते कदाचित येतील? मराठीतले 'येऊ शकतात' इथे मदतीला येत नाही, कारण तेही तितकेच दुतोंडी आहे. हक्क सांगायचा असेल तर 'आर एन्टायटल्ड टू रिटर्न' लिहावे. पुनर्विकासाच्या करारात या एका शब्दावर घर अवलंबून असते.

नकारातही तीन पायऱ्या आहेत. 'मे नॉट फॉल' म्हणजे कदाचित पडणार नाही, पण पडण्याची वाटही तितकीच उघडी. 'इज नॉट लाइकली टू फॉल' म्हणजे बहुतेक पडणार नाही. 'कॅनॉट फॉल' म्हणजे पडणे शक्यच नाही, आणि असे छातीठोकपणे कोणत्याही इमारतीविषयी लिहू नये. 'शुड'मध्ये अपेक्षा आणि कर्तव्य दोन्ही येतात. 'द बीम शुड होल्ड' म्हणजे तुळई तग धरेल असा अंदाज, की तिने तग धरायला हवा असा नियम, हे संदर्भाने स्पष्ट करावे. 'मे पॉसिबली' किंवा 'माइट परहॅप्स' असे शंकेवर शंका रचू नये, एक शंकादर्शक शब्द पुरतो. आणि 'लाइकली' हे विशेषण असल्याने त्याच्या आधी 'इज' लागते. 'इट लाइकली टू रेन' हे वाक्य क्रियापदावाचून लंगडते.

समजा, वाडीतल्या एका घराला ३५४ ची नोटीस आली आणि उत्तर लिहायचे आहे. अभियंत्याने पाहणी केली: सागाचे मुख्य खांब शाबूत, जिन्याकडच्या दोन तुळया वाळवीने पोखरलेल्या. घरातल्या माणसाला वाटते, सरळ लिहावे की घर पडणार नाही. पण तुळयांविषयी गप्प राहणे खोटेपणाचे, आणि खाली मुले खेळत असतात. उलट भीतीने 'द हाउस मे फॉल' लिहिले तर शाबूत खांबांचा पुरावा वाया जातो. मग उत्तर पायरीपायरीने बांधावे. अशा घरांना वाळवी लागत असते, ही प्रवृत्ती: 'टेंड टू'. या घराचे मुख्य खांब शाबूत असल्याने ते पडण्याचा संभव नाही, ही शक्यता: 'इज नॉट लाइकली टू फॉल'. जिन्याकडच्या दोन तुळया न बदलल्यास मोडण्याचा संभव आहे, हीही शक्यता: 'आर लाइकली टू फेल'. तो जिना आजपासून बंद केला आहे, ही वस्तुस्थिती. तुळया अमुक तारखेपर्यंत बदलू, हे वचन: 'विल'. पाच वाक्ये, आणि प्रत्येकाच्या पाठीशी त्याच्या वजनाचा पुरावा.

अशा उत्तराने घर वाचेलच असे नाही. निर्णय घेणाऱ्यापुढे इतरही कागद असतात. परंतु कोणता भाग धोक्याचा, कोणता नाही आणि राहणारे काय करणार आहेत, हे वाचणाऱ्याला विचारायला परत यावे लागणार नाही. मराठीत आपण 'पडत असते', 'पडू शकते' आणि 'पडेल' कधी एकमेकांत मिसळत नाही. इंग्रजी कागद पुढे ओढण्याआधी या तिन्हींतले आपल्याला कोणते म्हणायचे आहे, ते मराठीतच ठरवून घ्यावे. इंग्रजी शब्द त्यानंतर निवडावा.